शरीरातील मंद दाह आणि हृदयाचे आरोग्य
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे जीवन पालटून टाकले. शेतावर राबणारे अनेक हात यंत्राकडे व मेजाकडे वळले. उत्पन्न वाढले, तथापि अंगमेहनत घटली आणि कंबरेचा घेर वाढला. या घेराचा हृदयविकाराशी असलेला संबंध जाणून घेणे अगत्याचे आहे.

पाच लक्षणे

कंबरेचा वाढलेला घेर, 130/85 किंवा त्याहून अधिक रक्तदाब, उपाशीपोटी 100 मिलिग्रॅम वा अधिक रक्तशर्करा, 150 मिलिग्रॅम वा अधिक ट्रायग्लिसराइड आणि हितकारक कोलेस्टेरॉलची कमतरता, या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास त्या अवस्थेस चयापचयाचा लक्षणसमूह म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्ये अशा दोषांच्या परस्परसंबंधाकडे जगाचे लक्ष वेधले.

राखेखालचा निखारा

पोटातील चरबी म्हणजे केवळ साठवणीचे कोठार नव्हे. तिच्या पेशी फुगल्या की तेथे संरक्षक पांढऱ्या पेशी गोळा होतात व इंटरल्यूकिन-6 सारखी द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांच्या प्रभावाने यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, अधिक प्रमाणात तयार करते. हे प्रथिन 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. जखमेचा दाह भडकतो व शमतो. हा दाह मात्र राखेखालच्या गोवरीप्रमाणे वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, तेथे मेदाचे थर साचतात आणि एखादा थर फुटून गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका येतो.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, झटका येऊन गेलेल्या 10,000 हून अधिक रुग्णांवरील चाचणीत दाह शमविणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल कमी न करताही पुढील झटक्यांचे प्रमाण घटले. दाह हे निव्वळ लक्षण नसून कारणही आहे, याचा तो भक्कम पुरावा होय. मात्र त्या औषधाने घातक जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढला. ते सर्रास वापरात आले नाही.

सडपातळ देहाचा चकवा

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस निर्धास्त राहू शकत नाही, हा त्याचा अर्थ.

पंचायतींनी काय करावे?

अतिसंवेदी सीआरपी तपासणीत दर लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण असल्यास धोका अल्प, 1 ते 3 असल्यास मध्यम व 3 च्या वर असल्यास अधिक समजतात. परंतु डेंग्यू, सर्दीताप किंवा सुजलेली हिरडी यांमुळेही हा आकडा वाढतो. 10 च्या वर गेल्यास आजार बरा झाल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून सरसकट शिबिरांत या तपासणीवर निधी खर्च करणे उचित नव्हे. तिची गरज डॉक्टरांनी ठरवावी.

पहिले साधन म्हणजे शिंप्याकडील साधी मोजपट्टी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर मोजलेला घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरताना आशा कार्यकर्ती हा घेर विचारते. अर्जात गुण 4 पेक्षा अधिक आल्यास उपकेंद्रात रक्तदाब व रक्तशर्करा प्राधान्याने तपासून घ्यावी. गरजेनुसार रुग्णास पुढे 1956 मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजेच घाटीच्या, रुग्णालयात पाठविता येते.

तंबाखू सोडणे, रोज अर्धा तास झपाझप चालणे, तळलेले व गोड कमी करणे आणि हिरड्यांची निगा राखणे, यांनी हा निखारा मंदावतो. घरचा कर्ता पुरुष वा स्त्री अकाली गेल्यास कुटुंब उघड्यावर पडते. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत रस्ता व पाणी यांबरोबर ही तपासणीही यावी, यातच गावाचे हित आहे.