जीप उभी होती

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या सगळ्यांशी आज थोडं बोलायचं आहे. वर्दी असो वा नसो.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. मी तेव्हा मेजर होतो, इंजिनिअर्समध्ये. माझी कंपनी राजस्थान सीमेवर सुरुंग पेरत होती. जानेवारीत एका पहाटे सिग्नल आला : वडील गेले. सीओ साहेब म्हणाले, "जीप उभी आहे, निघ." मी म्हणालो, "सर, हे काम पुरं करून जातो."

कारणही तयार होतं. सुरुंग कुठे पेरलाय याची नोंद एका हाताची चुकली, तर उद्या जवानाचा पाय जातो. हे खरंच आहे. पण माझा कॅप्टन हुशार होता, नकाशे त्याच्याकडेही होते. तो काम सांभाळू शकला असता. आज कबूल करतो, मला वाळूत उभं राहणं सोपं वाटलं, आईसमोर उभं राहणं अवघड.

अग्नी धाकट्या भावानं दिला. मी साताऱ्याजवळच्या गावी पोचलो तो मार्चमध्ये. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तेरा दिवस दाराकडं बघत होते रे."

डेहराडूनच्या अकादमीत चेटवुड हॉलमध्ये तीन गोष्टींचा क्रम शिकवतात. आधी देश, मग हाताखालचे जवान आणि सर्वांत शेवटी स्वतःचं सुख, आराम, सुरक्षितता. मी वर्षानुवर्षं त्या शेवटच्या ओळीत आईलाही बसवत होतो. पण आईचं दुःख म्हणजे माझा आराम नव्हे. आई त्या यादीत नाहीच. तिची जागा आपली आपण ठरवायची असते.

लोक मला लोकमान्यांचं उदाहरण देत. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. 1912 मध्ये इकडे सत्यभामाबाई गेल्या, त्यांना येता आलं नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं. मग एकदा लक्षात आलं, त्यांच्यापुढे दार बंद होतं. माझ्यापुढे जीप उभी होती.

2005 च्या पुरात आमचे जवान बोटी घेऊन उतरले होते. एका हवालदाराची आई गेल्याचा निरोप आला. तो म्हणाला, "साहेब, एवढं पाणी चढलंय, कसा जाऊ?" मी म्हणालो, "पाण्याचं मी बघतो. तू आईकडं जा." बोट त्याच्या नायकाकडे दिली. तेरावं करून तो परतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी कामावर हजर होता.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, तुमचं काम सांभाळेल असा माणूस आजच तयार करा. ज्याच्यावाचून अडतं तो मोठा अधिकारी नव्हे, त्याची तयारी कमी पडली. दुसरं, कधी खरंच जाता आलं नाही, तर त्याच दिवशी फोन करा. "कामात आहे" म्हणू नका. "येऊ शकत नाही आणि मला रडू येतंय" असं म्हणा. मी ते म्हणालो नाही. आईला वाटलं, मला रडू आलंच नाही.

आईही आता नाही. तिच्या वेळी मी घरी होतो. पण तिनं दाराकडं बघितलेले ते तेरा दिवस मला परत देता आले नाहीत.

जय हिंद.