दोन नावांतील अंतर



जोतिबाचा डोंगर इथून किती लांब, हे करवीरात कुणीही सांगेल. आज आम्ही बोलणार आहोत ते दोन शब्दांमधल्या अंतराविषयी. सातबाऱ्यावर 'पाटील' आणि आधार कार्डावर 'पाटिल' असेल, तर माणूस एकच की दोन, हे आता संगणकाला विचारता येते. म्हणून तो हे कसे ठरवतो, ते पाहिले पाहिजे.

रशियन गणिती लेवेनश्टाइन यांनी 1965 साली याचे एक माप दिले. अक्षर घालणे, गाळणे किंवा बदलणे, ही प्रत्येकी एक कृती. एका शब्दाचा दुसरा करण्यास कमीत कमी जितक्या कृती लागतील, तितके अंतर. माप चोख आहे. प्रश्न एवढाच, की अक्षर म्हणावे कशाला?

युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 3 लागतात. 'कोल्हापूर' आम्ही 4 अक्षरांत वाचतो; संगणकाला त्यात 9 चिन्हे आणि 27 बाइट दिसतात. आता बाइटच मोजले तर काय होते? 'कोल्हापूर'चे 'कोल्हापुर' केल्यास 1 बाइट बदलतो. 'पाटील'चे 'पाटिल' केल्यास 2. चूक एकाच जातीची, ऱ्हस्वदीर्घाची. दंड मात्र उकाराला एक नि इकाराला दोन! हा न्याय नव्हे.

शिवाय 'दऱ्या'तला 'ऱ' दोन रीतींनी साठवता येतो : एक सबंध चिन्ह, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता. डोळ्यांना शब्द तोच, संगणकाला निराळा. म्हणून आधी सारा मजकूर एका रूपात आणावा, आणि मग बाइट नव्हे, चिन्हे मोजावी.

तेवढ्याने भागते का? 'पाटील' आणि 'पाटिल' यांत अंतर एक. 'माने' आणि 'माळे' यांतही एकच. पहिला फरक लिहिणाऱ्याच्या हाताचा, दुसरा घराण्याचा. आणि आमच्याकडचे 'पवार' व 'पोवार'? तिथेही एकच, पण घर एक की दोन, हे कळायला गाव आणि वडिलांचे नाव पाहावे लागते.

तेव्हा ऱ्हस्वदीर्घाला हलका दंड आणि व्यंजनबदलाला जड, हे मराठी जाणणाऱ्याने ठरवावे. यंत्राने संशयाच्या जोड्या पुढे ठेवाव्या. निवाडा माणसाने करावा. एका वेलांटीपायी कुणाचा उतारा अडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.