हजर!

आमच्या वर्गात एक मुलगा होता. हजेरी घेताना तो 'हजर' म्हणत नसे, नुसता हात वर करी. मला वाटलं, आढ्यता असेल. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर टोकलं. तोंडी परीक्षेला तो आलाच नाही. पुढे घरी आला नि म्हणाला, "सर, उत्तरं येत होती. पण चारजण बघायला लागले की तोंडाला कोरड पडते."

मित्रहो, भीड कुणाला नसते? पण ती थोड्या वेळानं चेपते. हा सामाजिक भयाचा विकार निराळा. लोक हसतील, या धास्तीनं माणूस आठ-आठ दिवस आधीपासून झुरतो. पंगत टाळतो, बँकेत चारचौघांसमोर सही करणं टाळतो. कुणाला असंच भय उंचीचं, कुत्र्याचं, बंद खोलीचं. भय अवास्तव आहे हे बहुधा त्यालाही कळतं. शरीर मात्र ऐकत नाही.

गोम आहे ती या टाळण्यात. टाळलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेवरच भय पोसतं.

म्हणून उपाय उलटा: भयाकडे पायरीपायरीनं जायचं. जोसेफ वोल्पे यांनी 1958 साली ही रीत पुस्तकरूपानं मांडली. त्याआधी, 1933 साली, न्यूयॉर्कच्या एका बागेत एकोणीस वर्षांच्या अल्बर्ट एलिसनं शंभरावर अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम गप्पा मारल्या. भेटायला कबूल झाली एकच, तीही आली नाही! पण आकाश काही कोसळलं नाही. भय मात्र ओसरलं. 'सगळे हसतील' हा विचार खरा किती, हे तपासायला शिकवणारी उपचारपद्धती त्यांनीच पुढे 1955 च्या सुमारास उभी केली. गरज पडल्यास डॉक्टर औषधंही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनानं घेऊ नयेत, मनानं बंदही करू नयेत.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. दवाखान्याची पायरी चढणंच जड वाटत असेल, तर 14416 या 'टेलि-मानस' क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं.

तो मुलगा डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी माझ्यापुढे एकटाच वाचू लागला, मग दोन मित्रांपुढे, मग वर्गात. पुढच्या तोंडी परीक्षेत आवाज कापत होता. उत्तरं मात्र त्यानं पुरी केली.

तुमच्या घरातलं एखादं पोर पाहुणे आले की आत पळत असेल, तर त्याला 'बुजरा' म्हणून हसू नका. मी ती चूक केली होती.