नव्या वीरमंडळाची जुळणी



जुन्या पुणें-मुंबई रस्त्यावर निगडीच्या चौकांत एक भव्य शिल्प उभें आहे. एका बाजूस श्रीशिवछत्रपति, दुसऱ्या बाजूस श्रीतुकोबाराय, अशी ती भेट आहे. त्या स्थळास लोक ‘भक्ति-शक्ति’ म्हणतात. आषाढीच्या वारींत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच वाटेनें आकुर्डीच्या मुक्कामास जाते. दोन थोर पुरुष, दोघांचें सामर्थ्य भिन्न, आणि तरीही दोघांस एकमेकांची ओढ. वीरांचें मंडळ कसें असावें याचा धडा निगडीच्या मुलांस शाळेच्या वाटेवरच रोज मिळतो. परंतु सायंकाळीं तींच मुलें दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढें बसलीं म्हणजे त्यांना निराळे वीर भेटतात. ते आकाशांत उडतात, डोंगर उचलतात, मुठीच्या एका प्रहारानें राक्षसास लोळवितात. हे वीर कोण घडवितो, कसे घडवितो, आणि उद्यां एकादें नवें वीरमंडळ आपल्याच भूमींत घडवावयाचें झालें तर तें कसें असावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय मुलांचा आहे म्हणून तो पोरकट आहे, असें कोणीं समजूं नये. लहानपणीं पाहिलेला वीर मनुष्याच्या मनांत पुढें फार वर्षें घर करून राहतो. अन्याय दिसला असतां हात उगारावा, पळ काढावा, कीं चार माणसें गोळा करावीं, याचें उत्तर पुष्कळदां त्या वीरानेंच नकळत देऊन ठेवलेलें असतें.

वीरमंडळाची कल्पना आपणांस नवी नाहीं. महाभारतांतील विराटपर्व आठवावें. अज्ञातवासाच्या वर्षीं पांडव विराटाच्या नगरींत वेष पालटून राहिले. धर्मराज कंक या नांवानें राजाशीं द्यूत खेळूं लागला. भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यांत शिरला. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येस नृत्य शिकवूं लागला. नकुलानें घोडे सांभाळले, सहदेवानें गाई. आणि द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची सेवा करूं लागली. आजच्या पाश्चात्य वीरकथांत ज्याला ‘गुप्त ओळख’ म्हणून फार महत्त्व असतें, ती येथें पुरी उतरली आहे. कथेंतील गोडी कोठें आहे, तेंही पाहण्याजोगें आहे. भीमाच्या अंगीं बळ आहे, पण तें दाखवितां येत नाहीं. कीचकानें भर सभेंत द्रौपदीचा अपमान केला, तरी भीमाला दांतओठ खाऊन बसावें लागलें आणि मग रात्रीं, गुपचूप, आपलें काम उरकावें लागलें. शक्तीला बंधन पडलें कीं कथा जन्मास येते. ज्या वीराला कोणतीच अडचण नाहीं, त्याच्याविषयीं ऐकणाऱ्याला चिंता वाटत नाहीं. आणि चिंता नाहीं तेथें पुढें काय झालें, ही उत्कंठाही नाहीं.

आतां पश्चिमेकडे वळूं. १९३८ सालीं अमेरिकेंत ‘सुपरमॅन’ छापून आला. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघे तरुण परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतले. त्यांची मैत्री क्लीव्हलंड या शहरीं जमली. पोलादाच्या भट्ट्यांचें, कारखान्यांचें, पोटासाठीं दूरदूरहून आलेल्या लोकांचें तें शहर. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशास तें वर्णन ओळखीचें वाटेल. त्या पहिल्या वर्षींचा सुपरमॅन ग्रहगोल फिरविणारा नव्हता. बायकोस मारणाऱ्या नवऱ्यास तो जरब बसवी. त्याच्या एका आरंभींच्या कथेंत एक खाणमालक आहे. त्याची खाण धोक्याची असून मजूर तींत जायबंदी होतात. सुपरमॅन त्या मालकाला त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांसह त्याच खाणींत अडकवून ठेवतो. सुरक्षेचीं साधनें गंजलेलीं आहेत हें मालकाला तेव्हां स्वतःच्या अनुभवानें कळतें, आणि तो सुधारतो. कारखान्यांच्या शहरांत वाढलेल्या दोन मुलांना कोणता शत्रु दिसला, तें यावरून उमगतें.

एकटा वीर लोकप्रिय झाला, म्हणजे लवकरच त्याला सोबती हवे होतात. १९६० सालीं ‘जस्टिस लीग’ निघाली. १९६१ सालीं स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनीं ‘फँटॅस्टिक फोर’ हें चौघांचें मंडळ काढलें आणि त्यांत एक नवी गोष्ट केली. हे चौघे घरच्या माणसांप्रमाणें आपसांत भांडतात. त्यांतला एक तर आपल्या दगडासारख्या रूपामुळें मनांतून दुःखी असतो. जपानांत १९७२ सालीं ‘गात्चामान’ ही ॲनिमेशन मालिका दूरचित्रवाणीवर आली. तींत पांच तरुण होते आणि प्रत्येकाला एका पक्ष्याचें नांव होतें : गरुड, काँडोर, हंस, पाकोळी आणि घुबड. शांत नायक, तापट सोबती, एक मुलगी, एक लहानगा आणि एक धिप्पाड गडी, अशी ही पांचांची वाटणी पुढें इतक्या मालिकांनीं उचलली कीं तो जणूं सांचाच होऊन बसला.

आपल्या देशांत या उद्योगाला बहर आला तो अलीकडे. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या संस्थेनें निर्मिलेला ‘छोटा भीम’ २००८ सालीं पडद्यावर आला. ढोलकपूरचा हा पोर लाडू खाल्ला कीं बलाढ्य होतो. चुटकी, राजू आणि जग्गू माकड हे त्याचे सवंगडी. २०१३ सालीं त्याच स्टॅन ली यांच्या सहभागानें ‘चक्र’ हा मुंबईचा वीर आला. राजू राय या मुलाच्या अंगावरील पोशाख शरीरांतील चक्रें जागवितो, अशी ती कल्पना. पुण्यांतही हें काम झालें आहे. येथील रिलायन्स ॲनिमेशन या संस्थेनें, तिचें नांव बिग ॲनिमेशन होतें त्या काळांत, ‘लिटल कृष्णा’ केला. तो २००९ सालीं दाखविला गेला. पुढें २०१८ सालीं ‘लिटल सिंघम’ आला. बोलपटांतील पोलीस अधिकाऱ्याचें हें बालरूप मिर्ची नगरचें रक्षण करतें.

या सर्व मालिका मुलांस प्रिय झाल्या, त्याअर्थीं त्यांत गुण आहेतच. परंतु एक उणीव स्पष्ट दिसते. त्यांत मंडळ असें नाहीं. एक वीर आहे आणि बाकीचे त्याचे खेळगडी आहेत. संकट आलें कीं सवंगडी हांक मारतात आणि नायक धांवून येतो. चुटकीवांचून भीमाचें अडलें आणि तिच्याच युक्तीनें तें सुटलें, असे प्रसंग विरळा. खरें मंडळ तें कीं ज्यांतून कोणताही एक जण काढला असतां कार्य फसावें. ही कसोटी लावली तर पांडव उतरतात. आजचे पुष्कळ बालवीर उतरत नाहींत.

असें मंडळ पडद्यावर आणणें मात्र सोपें नाहीं. मुलांच्या मालिकेचा एक भाग पुष्कळदां ११ मिनिटांचा असतो. सेकंदास २५ चौकटी या हिशेबानें त्या ११ मिनिटांत १६,५०० चौकटी होतात. चित्रकार एकेक चित्र दोन-दोन चौकटी टिकवून श्रम वांचवितात; तरीही राशि लहान नव्हे. आधीं वीरांचे स्वभाव, सामर्थ्य आणि मर्यादा यांचें टिपण लिहावें लागतें. मग प्रत्येकाचें पुढून, मागून, बाजूनें चित्र ठरवावें लागतें, म्हणजे शंभर हात लागले तरी नाक बदलत नाहीं. नंतर कथेचीं क्रमवार रेखाटनें, आवाजांचें मुद्रण, आणि मग हालचाल. मंडळांत एक गडी वाढला कीं हें सारें वाढतें. शिवाय ११ मिनिटांत सात जणांना बोलावयास लावलें तर कोणाच्याच वाट्याला धड वाक्य येत नाहीं. पांच ही संख्या लोकप्रिय होण्याचें एक कारण हें हिशेबी आहे.

जाणते चित्रकार आणखी एक परीक्षा घेतात. पांचही आकृत्या काळ्या शाईनें भरून काढाव्या, केवळ सावल्या दिसाव्या. मुलानें सावलीवरूनच ‘हा तो’ असें ओळखलें तर चित्र साधलें. हीच परीक्षा स्वभावाचीही घ्यावी. नांव झांकून एक वाक्य वाचावें. तें कोणाच्या तोंडचें हें कळलें नाहीं, तर दोन पात्रांचें एकच करावें.

समजा, असें एक मंडळ निगडीच्या मुलांसाठीं घडवावयाचें आहे. १९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें येथें वसाहती उभ्या केल्या, आणि भोंवतालच्या कारखान्यांनीं मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचीं माणसें येथें आणलीं. या गांवचे वीर ढोलकपुरांतून मागवावयास नकोत. एका मुलीचा बाप तिसऱ्या पाळीस जातो व दिवसा झोंपतो. त्यामुळें तिला घरांत पाऊल न वाजवितां वावरण्याची संवय आहे. तिचा कान असा तयार झाला आहे कीं भिंतीपलीकडच्या यंत्राचा बिघाड तिला आवाजावरून कळतो. पण मोठा गोंगाट झाला कीं ती हतबल होते. एक मुलगा नुकताच परप्रांतांतून आला आहे. त्याला सर्वांच्या भाषा समजतात, पण कोणत्याही भाषेंत बोलावयाची त्याला लाज वाटते. रात्रींचा पहारेकरी असलेला एक म्हातारा अंधारांत लख्ख पाहतो. दिवसा मात्र त्याला हात धरून न्यावें लागतें. चवथी एक लहानगी, जिला गांवांतली प्रत्येक गल्ली पाठ आहे, पण जिचें म्हणणें कोणी ऐकत नाहीं. पांचवा बलवान आहे. परंतु त्याचें बळ दुसऱ्यासाठीं वजन उचलतांना येतें आणि रागाच्या भरांत ओसरतें. पाळ्यांच्या घड्याळामुळें हे पांच जण एकत्र येणें हेंच मुळीं दर वेळीं एक संकट असावें. अशा मंडळांत प्रत्येकाची उणीव दुसऱ्याच्या गुणानें भरून निघते.

सर्वांत कठीण प्रश्न शत्रूचा. सोपा मार्ग असा कीं शिंगें असलेला एक राक्षस काढावा आणि भाग संपतां संपतां त्याला चोप द्यावा. त्याहून मोहक मार्ग असा कीं दुष्ट कारखानदार काढावा. पण त्याच कारखान्याच्या पगारावर ऐकणाऱ्या मुलाचें घर चालतें. आणि लहान वर्कशॉपचा मालक कदाचित् शेजारच्याच घरांत राहतो. तो राक्षस नाहीं, हें मुलाला माहीत आहे. तरीही प्रेस यंत्राखालीं कामगारांचीं बोटें जातात, हेंही खरें. उत्पादन वाढावें म्हणून यंत्रापुढची जाळी कोणी काढून ठेवतो, आणि एका घाईच्या क्षणीं हात आंत राहतो. आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेंस वाहतांना वारकऱ्यांनीं पाहिला आहे. तो फेंस एका राक्षसानें सोडलेला नाहीं. त्यांत कारखान्यांचें सांडपाणी आहे, तसें घराघरांतलें साबणाचें पाणीही आहे. अशा शत्रूवर मूठ उगारून भागत नाहीं. तेथें ऐकणारी मुलगी हवी, भाषा जाणणारा मुलगा हवा, आणि ज्याचा अपराध आहे त्यालाच खाणींत उतरवून दाखविणारी सीगल-शुस्टरांची युक्ति हवी.

मराठी वाचकांना मुठीवांचून जिंकणारा वीर परका नाहीं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा पोरगा. त्याच्यापाशीं ना लाडू, ना पोशाख. आहे ती चपळाई आणि चौकस बुद्धि. पिढ्यान् पिढ्या मुलांनीं त्याला आपला मानलें, कारण तो ज्या रस्त्यांनीं पळाला ते रस्ते खरे होते. नव्या मंडळाच्या निर्मात्यांनीं ही गोष्ट ध्यानीं धरावी. पडद्यावर निगडीचा चौक दिसला, पात्रें निगडीचें मराठी आणि निगडीचें हिंदी बोललीं, आणि आईच्या डब्याची व बापाच्या पाळीची वेळ कथेंत आली, तर मुलाला वाटेल कीं वीर आपल्या आळींतही जन्मूं शकतो.

जातां जातां एक व्यवहाराची गोष्ट. सीगल आणि शुस्टर यांनीं सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ सालीं अवघ्या १३० डॉलरांना विकले. पुढें त्या वीरानें इतरांना अगणित धन मिळवून दिलें आणि त्याचे जनक हलाखींत राहिले. १९७५ सालीं लोकमताच्या रेट्यामुळें त्यांना वर्षासन मिळूं लागलें आणि त्यांचीं नांवें पुन्हा छापलीं जाऊं लागलीं. दुर्बळांचा कैवारी निर्माण करणाऱ्यांवरच ही पाळी आली. आपल्याकडील तरुण चित्रकारांनीं आणि लेखकांनीं कागदावर सही करण्यापूर्वीं ही हकीगत एकदां तरी वाचावी, आणि घरांतील वडीलधाऱ्यांनींही, ‘चित्रें काढून कोठें पोट भरतें काय’ असें म्हणण्याऐवजीं, मुलाला करारपत्र वाचावयास शिकवावें.

निगडीच्या चौकांतून रात्रीं कंपन्यांच्या बसगाड्या जातात. पहिल्या पाळीचा गडी घरीं निजलेला असतो, दुसऱ्या पाळीचा परततो, तिसऱ्या पाळीचा निघतो. एकाचें काम दुसरा पुढें चालवितो आणि म्हणून यंत्र थांबत नाहीं. या मुलांच्या बापांनीं आणि आयांनीं सुट्या भागांची जुळणी करून अख्खीं वाहनें रस्त्यावर आणलीं आहेत. त्यांच्या मुलांसाठीं पांच उण्यापुऱ्या माणसांची जुळणी करून एक वीरमंडळ उभें करणें, हें काम या गांवाच्या हातांस अवघड वाटूं नये.