पाळी थांबविणारे उपचार व आपले कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या बार्शी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. मुलांना शिकविण्यात आयुष्य वेचलेले मॅट्रिकपर्यंतचे मास्तर. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहो, त्यास कारण आमच्या घरातच घडले.

आमच्या ३८ वर्षांच्या पुतणीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली व नंतर दरमहा एक इंजेक्शन सुरू झाले. पाळी थांबली, अंगातून वाफा निघू लागल्या आणि काही महिन्यांत पोटाचा घेर वाढला. घरातील मंडळी ‘बसून खाते’ असे म्हणू लागली. ‘जिभेला जरा आवर घाल’, असे आम्हीही बोललो. त्या लाजेने तिने पुढची दोन इंजेक्शने घेतलीच नाहीत. हा दोष तिचा नव्हे, आमच्या अज्ञानाचा होता.

स्त्रीच्या बीजकोशातील इस्ट्रोजेन हा रस काही प्रकारच्या स्तनकर्करोगास पोसतो. बीजकोश काढल्याने असा रोग मागे हटू शकतो, हे ग्लासगोच्या डॉ. बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. आज तेच कार्य गोसरेलिन, ल्यूप्रोलाइड ही औषधे शस्त्रावाचून करितात. मेंदूकडून बीजकोशाकडे जाणारी आज्ञा शाळेच्या घंटेसारखी थांबून थांबून यावी लागते. घंटा अखंड वाजत राहिली तर मुले तिकडे लक्ष देईनाशी होतात. तद्वत या औषधाने बीजकोश प्रथम किंचित चेतून नंतर निजतो. गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याच्या विकारातही हे औषध देतात.

परंतु इस्ट्रोजेन केवळ पाळीपुरते नसते. ते हाडे राखते, रक्तातील मेद आवरते व इन्सुलिनच्या कार्यास साह्य करते. ते अकाली आटले की हाडे विरळ होतात, पोटावर चरबी साठते, कोलेस्टेरॉल व साखर वाढू शकते. पन्नाशीत सावकाश घडणारा पालट येथे थोड्या महिन्यांत घडतो. सर्वांनाच सर्व त्रास होतो असे नाही. तथापि जो होतो तो खादाडपणामुळे नव्हे.

यास्तव उपचारापूर्वी व पुढेही वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावे. हाडांच्या घनतेविषयी डॉक्टरांस विचारावे. रोज अर्धा तास चालावे, थोडे वजन उचलण्याचा व्यायाम करावा. भाकरीबरोबर डाळ, उसळ, दूध व तीळ असावेत. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर भर नसावा. मिश्री सोडावी. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनची गोळी मनाने कदापि घेऊ नये. आणि इंजेक्शनही मनाने कदापि सोडू नये. त्रास झाल्यास सांगावा. त्यावर इलाज असतात.

भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या या गावात रोगाची नोंद करण्यास लोक लाजले नाहीत. मग घरात त्याविषयी बोलण्यास आपण का लाजावे?

आमची पुतणी पुन्हा उपचार घेऊ लागली आहे. सायंकाळी ती भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाते. सोबतीस आता आम्ही असतो. घरातील स्त्रीस बोल लावण्यापूर्वी तिच्याबरोबर एकवार डॉक्टरांकडे जावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.