चुलीवरचें भांडें आणि प्रा. कमला सोहोनी
(महोत्सवानिमित्त त्र्यंबकेश्वर येथें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें देणगीदारांचीं नांवें घ्यावीं अशी रीत आहे. तें काम समितीनें उत्तम केलें आहे. म्हणून आम्ही आज तुमच्या चुलीवरील भांड्यांत डोकावणार आहों.

ब्रह्मगिरीच्या आसपासच्या पाड्यांवर नागली, वरई, उडीद पिकतात. दूध-मांस ज्यांस रोज लाभत नाहीं, त्यांचें बळ कडधान्यावर. मग कडधान्य खाऊनहि तें अंगीं कां लागत नाहीं? अशा प्रश्नांसाठीं ज्यांनीं आयुष्य वेचलें त्या विदुषी मराठी होत्या: प्रा. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं तो केवळ त्या स्त्री म्हणून नाकारला. रामन थोर खरे, पण येथें ते चुकले. बाई बंगळुरास जाऊन ठाण मांडून राहिल्या. तेव्हां प्रवेश मिळाला, तोहि अटींवर: पहिलें वर्ष पारखण्याचें, आणि संचालकांचें समाधान होईतों कामास मान्यता नाहीं. १९३६ त त्या एम्. एस्सी. झाल्या आणि इतर मुलींसाठींहि तें दार उघडलें. पुढें केंब्रिज येथें, वनस्पतींच्या पेशींतहि श्वसनास लागणारें सायटोक्रोम सी असतें असें दाखवून, १९३९ सालीं त्यांनीं पीएच्. डी. मिळविली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! लांबलचक प्रवचनें करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं याची नोंद घ्यावी.

आतां भांड्याकडे येऊं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान लहान सांखळ्या असतात. कांहीं प्रथिनांस जडलेल्या, कांहीं स्निग्ध द्रव्यांस. ही शर्करा ओळखीची खूण होय. रक्तगट 'ए' आणि 'बी' यांत भेद काय, तर सांखळीच्या टोंकाची एक शर्करा निराळी. पण तेवढ्यानें, चुकीचें रक्त दिल्यास, माणूस दगावूं शकतो. वालाच्या वा घेवड्याच्या दाण्यांत एक प्रथिन असें असतें कीं तें ही शर्करा मुठींत धरतें. त्यास अशा दोन वा अधिक मुठी असल्यामुळें रक्तपेशी एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके होतात. अशांपैकीं पुष्कळ प्रथिनें स्वतःहि शर्करायुक्त असतात. शास्त्रांत त्यांस ग्लायकोप्रोटीन म्हणतात. घेवड्याचें हें द्रव्य कच्चेंच पोटांत गेल्यास आंतड्याच्या अस्तरास चिकटतें व उलट्या-जुलाब होतात. सोहोनीबाईंनीं एका सहकाऱ्यासह वालांतील असें द्रव्य वेगळें व शुद्ध करून १९६५ सालीं तें काम प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं, ट्रिप्सिन या पाचक द्रव्यास रोखून प्रथिनाचें पचन अडविणारे जे पदार्थ कडधान्यांत असतात, त्यांचाहि त्यांनीं शोध घेतला होता.

आपल्या आज्या वाल भिजवीत, मोड आणीत, सोलीत आणि भरपूर शिजवीत. भिजविल्यानें व मोड आल्यानें हीं द्रव्यें कांहीं अंशीं कमी होतात, आणि चांगल्या उकळीनें बहुतेक निकामी होतात. हल्लीं अर्धवट वाफ देऊन भांडें उतरवितात, तें आम्हांस पसंत नाहीं.

राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून बाईंनीं नीरेवरहि काम केलें. हा रस सकाळींच प्यावा, नाहींतर त्यांतील साखर आंबून ताडी होते. हा भाग कांहीं श्रोत्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक असेल! नीरेंत लोह व जीवनसत्त्वें आहेत असें दाखवून, कुपोषित आदिवासी मुलांस व गरोदर स्त्रियांस तिच्यापासून लाभ होतो, असें त्यांनीं सिद्ध केलें. त्याबद्दल त्यांस राष्ट्रपतिपुरस्कार मिळाला. तरीहि मुंबईच्या विज्ञान संस्थेचें संचालकपद मिळण्यास त्यांस वर्षानुवर्षें तिष्ठावें लागलें. १९९८ सालीं दिल्लींत सत्कार चालू असतांनाच त्या कोसळल्या व लवकरच निवर्तल्या.

पाड्यावरच्या अंगणवाडींत कांट्यावर ठेवलेलें हलकें मूल पाहिलें म्हणजे हें काम जुनें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. आणि दहावी झालेली मुलगी विज्ञानशाखेचा अर्ज घेऊन सहीसाठीं आमच्याकडे येते, बाप मात्र बाहेर ओट्यावर गप्प बसून राहतो, तेव्हां बंगळूरच्या त्या अटी आम्हांस आठवतात.

असो. आजच्या पंगतींत वालाचें बिरडें आहे. आपल्या भगिनींनीं वाल परवांच भिजत घातले होते.