विजेच्या गाडीचा पाणवठा

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूर आणि शेजारचें नळदुर्ग या दोन गांवांचा खंडोबा एकच आहे. देवळें दोन, मूर्ति एक. वर्षाचे बहुतेक महिने देव अणदुरास असतो, उरलेले दिवस नळदुर्गास. आणि त्याच्या येण्याजाण्याचा लेखी करार उभय गांवांची मंडळी करितात. ठाणीं दोन असलीं म्हणजे केवळ सदिच्छेनें भागत नाहीं. करार लागतो, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हेंही पाहावें लागतें.

त्याच रस्त्यावरून आज विजेच्या मोटारी धांवतात, आणि त्यांची अडचण याच जातीची आहे. मोटार एका कारखान्याची, चार्जर दुसऱ्याचा, पैसे घेणारी यंत्रणा तिसऱ्याची. समजा, रोग्यास घेऊन रात्रीं सोलापुराकडे निघालेली गाडी बॅटरी संपत आल्यामुळें अणदुरापाशीं थांबली. प्लग नीट बसला, चार्जरास वीज आहे, गाडी धडधाकट आहे. तरी बॅटरी भरत नाहीं. मग दोष कोणाचा? पुष्कळदां तो दोघांच्या संभाषणांत असतो.

गाडी आणि चार्जर खरोखरच एकमेकांशीं बोलतात. केबलींतील एका बारीक तारेवर प्रथम 12 व्होल्टांचा दाब असतो. प्लग जोडतांच गाडी तो 9 वर आणते, आणि वीज घेण्यास सिद्ध झाली म्हणजे 6 वर. जलद चार्जिंगच्या सीसीएस-2 पद्धतींत त्याच तारेवरून पुढें सविस्तर बोलणें चालतें: दाब किती हवा, प्रवाह किती सोसेल, इन्सुलेशन शाबूत आहे काय. एकाचें उत्तर ठरल्या वेळांत आलें नाहीं, किंवा नियमाचा अर्थ दोघांनीं निराळा लावला, कीं बोलणें तुटतें आणि धोका टाळण्यासाठीं वीज बंद होते.

असे नियम भारतांत आयएस 17017 या मानकमालेंत आहेत. तिचा पहिला भाग 2018 सालींचा. परंतु दोन विद्यार्थी व्याकरणांत उत्तीर्ण झाले म्हणून त्यांचें एकमेकांशीं जमतेंच असें नाहीं. म्हणून जोडीची परीक्षा घ्यावी लागते. 20 प्रकारच्या गाड्या आणि 10 प्रकारचे चार्जर म्हटले तरी 200 जोड्या होतात. यास्तव प्रयोगशाळेंत गाडीचें सोंग घेणारें यंत्र चार्जरापुढें, आणि चार्जराचें सोंग घेणारें गाडीपुढें मांडतात. मुद्दाम उत्तर लांबवितात, चुकीचा संदेश देतात, आणि समोरचा कसा वागतो तें पाहतात. नंतर खऱ्या जोड्या लावून पाहतात. सॉफ्टवेअर बदललें कीं परीक्षा पुन्हां.

विसंगतीची किंमत या भागास नवी नाहीं. 1897 सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटी होते. कुर्डुवाडीस मोठ्या रुळांची गाडी शेजारींच उभी असे, पण डबे तिकडे जाऊं शकत नसत. माल एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावा लागे. तेथें निदान रुळांतला फरक डोळ्यांना दिसत होता. चार्जराचा फरक प्लग लावीपर्यंत दिसत नाहीं.

म्हणून ही परीक्षा कारखान्याच्या दारांतच व्हावयास हवी. तेथें टाळलेला खर्च शेवटीं आडवाटेस, अपरात्रीं, त्या रोग्याच्या माथीं येतो.